फर्मानाचे माप

(पुणे येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या आधी मोठमोठे वक्ते बोलून गेले. आमच्या वाट्याला शेवटची वेळ आली आहे, आणि दुसऱ्या पाळीवाले घड्याळाकडे बघू लागलेत हे आम्हांला इथून दिसते आहे. म्हणून पाल्हाळ न लावता विषयाला हात घालतो. आम्ही बोलणार आहोत एका शब्दावर. हसू नका. चौथी शिकलेल्या साचेवाल्याने शब्दाचा अर्थ सांगायचा, म्हणजे धोट्याने भाकरी थापण्यातलाच प्रकार, हे आम्हांलाही कळते. पण या शब्दाने आमच्यातल्या एकाची भाकरी हिरावून घेतली, तेव्हा त्याच्याकडे नीट बघणे आम्हांला भाग पडले.

आम्ही पूर्वी ज्या गिरणीत होतो, तिच्या फाटकाशी एक फळा होता. एके दिवशी त्यावर कागद लागला. इंग्रजीत टाईप केलेला, खाली शिक्का आणि फर्राटेदार सही. आमच्या शेजारच्या साच्यावर एक म्हातारेबाबा होते, अकरा वर्षे बदलीवर काढलेली. त्यांनी विचारले, “काय हाय रं त्यात?” कोणीतरी चालता चालता म्हणाला, “सुट्टीचं असंल.” आम्हीही तिथेच उभे होतो. आम्हीही कागद वाचला नाही, कारण आम्हांलाही तो वाचता येत नव्हता, आणि तसे कबूल करायची लाज वाटली. कागदात होते ते असे, की बदली कामगारांनी अमुक तारखेच्या आत जुने कार्ड देऊन नवे घ्यावे, न घेणाऱ्याचे नाव पटावरून कमी होईल. तारीख गेली. बाबा नेहमीसारखे पाळीला आले, तर नाव नाही. वरच्या साहेबापुढे उभे राहिले, तेव्हा उत्तर मिळाले, “फळ्यावर फर्मान लागलं होतं. वाचलं नाही हा तुमचा दोष.”

त्या रात्री चाळीच्या जिन्यात बसून बाबांनी आम्हांला विचारले, “फर्मान म्हंजी काय रं? कुनाचं असतंय ते?” नाव गेल्याचे दुःख होतेच. पण ज्याने आपल्याला मारले त्याचे नाव तरी कळावे, असे त्यांना वाटत होते. आम्हांला उत्तर देता आले नाही. मग रविवारी वाचनालयात जाऊन कोश उघडून बसलो. एका निवृत्त मास्तरांनी हात दिला. जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

फर्मान हा शब्द फारसी. म्हणजे इराणचा. बादशहाच्या सहीशिक्क्याने निघालेला लेखी हुकूम, तो फर्मान. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पुढची गोष्ट ऐका. इराणची जुनी भाषा आणि आपली संस्कृत या एकाच घराण्यातल्या. संस्कृतात जिथे ‘प्र’ येतो, तिथे तिकडे ‘फ्र’ येतो. आणि ‘मा’ म्हणजे मोजणे, ज्यापासून आपले माप, मान, परिमाण हे शब्द आले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दारियस बादशहाच्या शिलालेखांत हुकुमाला ‘फ्रमाना’ असा शब्द कोरलेला आहे. त्याचाच झिजून झाला ‘फर्मान’. आणि आपल्याकडे त्याची सख्खी बहीण कोण? ‘प्रमाण’! म्हणजे साहेबाने बाबांच्या तोंडावर फेकलेले फर्मान आणि पोथीतले प्रमाण, या एका आईच्या दोन लेकी. दोघींच्या पोटात एकच गोष्ट आहे, माप.

कापड गिरणीतल्या माणसाला याहून जवळचा शब्द नाही. ताका उतरला की त्याची लांबी किती वार, पन्हा किती, याचा हिशेब होतो. दोन वार कमी भरले तर मजुरी कापली जाते. आमच्या कामाला माप आहे, आमच्या झोपेला माप आहे, संडासला जाण्याच्या मिनिटांनाही माप आहे. मग आमच्यावर जो हुकूम सुटतो त्याला माप का नसावे? तो कोणी काढला, कोणत्या अधिकाराने काढला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि तो ज्याला लागू आहे त्याला कळेल अशा भाषेत आहे की नाही? ही त्याची लांबी-रुंदी. शब्दाने स्वतःच्या पोटात हे माप सांभाळून ठेवले आहे. आम्ही नुसते ते बाहेर काढून दाखवतो आहोत.

या फर्मानाचे एक भावंड आपल्या फार लाडाचे आहे, तेही सांगून टाकतो. ‘फर्मावणे’ म्हणजे आज्ञा करणे. त्यातूनच ‘फर्माईश’. आणि फर्माईश देऊन मुद्दाम करवून घेतलेली चीज ती ‘फर्मास’. पाळी सुटल्यावर आपण म्हणतो ना, “चहा फर्मास झालाय!” तो चहा बादशहाच्या घराण्यातला आहे. इथे पुण्यात गणेश पेठेतल्या आर्यभूषण थिएटरात तमाशाला बसून लोक लावणीची फर्माईश करीत आले. तेवढ्यापुरता गरीब माणूस तख्तावर बसतो आणि फर्मान सोडतो. तिकिटाचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात.

‘हुकूम’ हा शब्द अरबी. त्याचे मूळ आहे निवाडा करणे, न्याय करणे. त्याच मुळापासून हाकीम, हुकमत, आणि शहाणा या अर्थाचा हकीम. हिकमतही त्यातलीच. म्हणजे मुळात हुकूम हा शहाणपणाने केलेला निवाडा. पत्त्यांत मात्र हुकूम म्हणजे ज्याच्या दुरीपुढे दुसऱ्याचा एक्काही पडतो. आपल्या वाट्याला बहुधा हा पत्त्यांतला हुकूम येतो. ‘फतवा’ही अरबी. कोणी प्रश्न विचारला तर धर्मशास्त्र जाणणाऱ्याने दिलेले मत, तो फतवा. मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ मनमानी आज्ञा असा होऊन बसला. ‘सनद’ म्हणजे आधार, टेकू. ‘ताकीद’ म्हणजे जोर देऊन सांगणे. ‘कौल’ म्हणजे दिलेला शब्द, वचन. मराठी राज्यात ओसाड गाव पुन्हा वसवायचे तर रयतेला कौल देत, की इतकी वर्षे सारा इतकाच घेऊ. तोही सरकारी कागद, पण त्यात सरकार स्वतःला बांधून घेत असे. असे कागद नेहमीच थोडे.

आता हे परके शब्द आपल्या मातीत आले कसे, तर राज्यकर्त्याच्या कचेरीतून आले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रे घेऊन शब्द मोजले होते. १६२८ सालच्या एका पत्रात २३६ शब्दांपैकी २०२ शब्द फारसी निघाले. शंभर वर्षांनी, १७२८ सालच्या पत्रात १२७ पैकी फक्त ८. मध्ये काय झाले? मध्ये शिवाजीमहाराज झाले. राज्य आले आणि राज्याबरोबर भाषा आली. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे रस्त्यावर का उतरली, असे आज कोणी विचारले तर राजवाड्यांचे हे दोन आकडे त्याच्या हातावर ठेवावेत.

तरीसुद्धा फर्मान, हुकूम, सनद, ताकीद हे शब्द काही गेले नाहीत. त्यांच्यावर आमचा राग नाही. शब्द कुठून आला यावरून त्याला हाकलायचे, तर साहेबाचा ‘भोंगा’ ठेवून ‘पगार’ आधी परत करावा लागेल, कारण पगार शब्द पोर्तुगीजांचा. आमचा राग आहे तो शब्दामागे लपणाऱ्या माणसावर.

फर्मानाचा थाट कसा असे ते ऐका. फर्मान आले की ते नुसते घेऊन वाचायचे नाही. ज्याच्या नावाचे असेल त्याने गावाबाहेर सामोरे जाऊन, मुजरे करून, डोक्याला लावून ते घ्यायचे. १६६५ साली पुरंदरच्या तहानंतर औरंगजेबाचे फर्मान आले, तेव्हा ते घ्यायला महाराजांनाही पायी चालत सामोरे जावे लागले होते. पुढच्या वर्षी आग्र्याला काय झाले, ते तुमची शाळेतली पोरेही सांगतील.

पण या पुण्यात जे घडले त्यासारखा तमाशा दुसरा नसेल. संगमापाशी, जिथे मुळा आणि मुठा भेटतात, त्या बाजूला १७९२ सालच्या जून महिन्यात महादजी शिंद्यांची छावणी पडली होती. महादजी उत्तरेतून बारा वर्षांनी आले होते आणि येताना दिल्लीच्या बादशहाची फर्माने घेऊन आले होते. पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ हा किताब, म्हणजे बादशहाचा मुख्य मुखत्यार. फर्मान स्वीकारण्याच्या या समारंभालाच फर्मानबाडी म्हणतात. नाना फडणिसांना हे पसंत नव्हते. तरी मोठे डेरे उभे राहिले. डेऱ्याच्या टोकाला एक तख्त मांडले, बादशहाचे म्हणून. त्यावर बसायला कोणी नाही. रिकाम्या तख्तावर फर्मान आणि खिलतीची वस्त्रे ठेवली. सवाई माधवराव पेशवे, वय वर्षे अठरा, त्या रिकाम्या तख्तापुढे गेले, तीन वेळा मुजरा केला, १०१ मोहरांचा नजराणा ठेवला आणि डाव्या बाजूला बसले. मग महादजींच्या फारसी मुनशीने फर्मान वाचून दाखवले. डेऱ्यात मानकरी होते, शिलेदार होते, हुजरे होते. त्यांतल्या कितीजणांना फारसी कळत असेल?

आणि ते फर्मान ज्याच्या नावाने निघाले तो बादशहा शाहआलम कोण? १७८८ साली गुलाम कादराने त्याचे डोळे काढले होते. महादजींच्या फौजेने त्याला पुन्हा तख्तावर बसवले होते. म्हणजे फौज मराठ्यांची, पैसा मराठ्यांचा, आणि मराठ्यांच्याच पुण्यात आंधळ्या बादशहाच्या नावाचा कागद रिकाम्या खुर्चीवर ठेवून त्याला मुजरे! कागदाचे वजन कोणाचे होते? ज्याने सही केली त्याचे नव्हे. ज्यांनी तो कागद डोक्यावर घेतला, त्यांचे होते. आम्ही ही हकिकत वाचली आणि फाटकावरच्या फळ्याची आठवण झाली. त्या फळ्यामागेही कोणी बसलेले नसते. तरी आपण येता-जाता मान खाली घालतो.

काही फर्मानांवर बादशहा किंवा शहाजादा आपल्या हाताचा पंजा उमटवीत असे. पाची बोटे आणि तळवा. तो सर्वांत मोठा मान समजत. आपण पगारपत्रकावर अंगठा उमटवतो, त्याला मात्र अडाणीपणा म्हणतात!

याच्या शेजारी आपल्या राज्याचा कागद ठेवून बघा. महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मोठी मुद्रा असे आणि मजकूर संपला की तळाला एक लहान शिक्का, ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे, इथे मर्यादा झाली. पेशवाईत तिथे ‘लेखनसीमा’ असा शिक्का येऊ लागला. का? तर त्या शिक्क्याच्या खाली मागाहून कोणी एक ओळ घुसडू नये. गावच्या पाटलाला अक्षर येत नसले तरी शिक्का दिसत होता. हुकूम इथे सुरू होतो आणि इथे संपतो, हे डोळ्यांनी कळत होते. मास्तरांनी ते चित्र दाखवले तेव्हा बाबा आमच्याबरोबर होते. बाबांनी तळाच्या शिक्क्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “ही काठ हाय व्हय रं, लुगड्याची!” मास्तर बघतच राहिले. काठ नसलेले लुगडे आणि मर्यादा नसलेला हुकूम, दोन्ही उसवतच जातात हे त्या माणसाला अंगठ्याने कळत होते.

बिनकाठाचा हुकूम पुण्याने १८९७ साली बघितला. प्लेग आला होता. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल तो हुकूम काढता येईल, आणि त्याखाली चांगल्या हेतूने काही केले असे म्हटले की कोणावर दावा लावता येणार नाही, असा त्याचा सारांश. मग रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर पेठांतल्या घरांत, स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. साथ हटवायला उपाय लागतातच, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु हुकमाची सीमा कुठे, हे विचारायचे कोणाला? २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. तोच चार कलमांचा कायदा २०२० साली करोनाच्या वेळी पुन्हा काढला गेला. तेव्हा त्या कायद्याला १२३ वर्षे झाली होती.

आता जमावबंदीचा हुकूम घ्या. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला गिरण्यांतले, गोदीतले लोक जमले आणि गोळीबारात १५ जण पडले. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून सांगितले की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. हेही फर्मानच. ज्यांची मुंबई, त्यांना विचारल्याशिवाय आकाशातून आलेले. पुन्हा गोळ्या चालल्या. ६ फेब्रुवारी १९५६ ला आपल्या या पुण्यात, टिळक स्मारक मंदिरात, संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. शंभरावर माणसे गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. त्या काळात ‘एकशे चव्वेचाळीस लागलं’ हे वाक्य चाळीतल्या पोरांनाही पाठ झाले होते. २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत त्याच कलमाचा नंबर १६३ झाला आहे. पण त्या हुकुमालाही काठ आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? असा हुकूम लेखी असावा लागतो, त्यात कारण द्यावे लागते, आणि तो दोन महिन्यांवर चालत नाही. राज्य सरकारने मुद्दाम वाढवला तर आणखी सहा महिने, त्यापुढे नाही. ज्याला तो जाचतो त्याला रद्द करण्याचा अर्जही करता येतो. हे माप आम्हांला कोणी सांगितले नाही. लाठी तेवढी सांगितली.

वटहुकूम हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. विधिमंडळ किंवा संसद बसलेली नसेल आणि कायद्याची निकड असेल, तर राज्यपाल किंवा राष्ट्रपती जो तात्पुरता कायदा काढतात, तो वटहुकूम. शुद्ध सरकारी मराठीत अध्यादेश. आपल्या कानाला ‘वट’ म्हटले की वजन, पत ऐकू येते. ‘त्याची गावात वट आहे’ म्हणतो, हुंडी वटली म्हणतो. म्हणून वटहुकूम म्हटला की आपल्याला वाटते, हा हुकूम सगळ्यांत भारी. आहे उलटे. राज्यघटनेने त्याचे आयुष्य मोजून दिले आहे. सभागृह पुन्हा बसले की सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो मेला.

या वटहुकुमाने आपल्याला दिले आहे आणि आपल्यापासून काढूनही घेतले आहे. बोनसचा कायदा आधी वटहुकूम म्हणूनच १९६५ च्या मे महिन्यात आला. कमीत कमी बोनस ४ टक्के ठरला. तो पुढे लढून ८.३३ टक्क्यांवर गेला, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार. मग आणीबाणी आली. १९७५ च्या सप्टेंबरात दुसरा वटहुकूम निघाला आणि किमान बोनस पुन्हा ४ टक्क्यांवर आला. दिवाळी तोंडावर होती. १९७७ साली सरकार बदलले तेव्हा ८.३३ परत आले. एक कागद, सही एका माणसाची, आणि लाखो घरांतली लुगडी, पोरांचे कपडे, करंज्यांचे तेल त्या कागदावर अवलंबून.

आणि आता ऐका त्या माणसाची गोष्ट, जो आपल्याच पुण्यात डेक्कनजवळच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काम करीत होता. डॉ. डी. सी. वाधवा. बिहारच्या जमिनीचा अभ्यास करताना त्यांना दिसले की तिथे काही वेगळेच चालले आहे. वटहुकुमाचे आयुष्य संपत आले की तोच वटहुकूम पुन्हा काढायचा. विधानसभेपुढे न्यायचाच नाही. १९६७ ते १९८१ एवढ्या काळात बिहारमध्ये २५६ वटहुकूम असे एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले होते. काही आठवड्यांचा पाहुणा चौदा वर्षे घरात! वाधवांनी एक एक मोजला, १९८३ साली पुस्तक छापले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ ला निकाल लागला, की असे वटहुकूम पुन्हा पुन्हा काढणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे. पाच न्यायमूर्तींनी सांगितले. २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठानेही तेच पुन्हा सांगितले. वाधवांच्या हातात दांडकी नव्हती, झेंडा नव्हता. होती ती तारखांची यादी. हा हुकूम कधी निघाला, कधी मरायला हवा होता, आणि कधीपर्यंत जगला. ताका मोजावा तसे त्यांनी सरकार मोजले. फर्मानात लपलेले प्रमाण बाहेर काढणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

आता भाषेकडे येतो, कारण बाबांचे नाव भाषेपायी गेले. १८१८ च्या फेब्रुवारीत एल्फिन्स्टनने साताऱ्याहून पेशव्याविरुद्ध जाहीरनामा काढला, तो लोकांपर्यंत मराठीतून पोचवला. राज्य घ्यायचे होते ना! गोऱ्याला तेव्हा पक्के कळत होते की हुकूम लोकांच्या भाषेत असला तर कामाचा. राज्य पक्के झाले आणि कारभार इंग्रजीत गेला. दीडशे वर्षे लागली परत यायला. १९६० ला राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. मराठी बोलणारी पण पलीकडे राहिलेली माणसे बेळगाव, निपाणी, कारवार या भागांत आहेत. सरकारी कागद मराठीतून मिळावा एवढी साधी मागणी ती १९५६ पासून करत आली आहेत. एका कागदासाठी पिढ्या का झगडतात, असे इकडचे काही शहाणे विचारतात. त्यांचे नाव कधी पटावरून गेलेले नसते.

गिरण्या-कारखान्यांपुरते बोलायचे तर १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात स्वच्छ लिहिले होते, की मंजूर झालेले आदेश मालकाने इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, फाटकाशी खास फळ्यावर ठळकपणे लावावेत. तो कायदा पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत मिसळला. पण आम्ही विचारतो, आदेश कळणाऱ्या भाषेत हवेत हे तत्त्व इंग्रजांच्या अमदानीत मान्य होते, मग आमच्या फळ्यावर नुसती इंग्रजी कशी? आम्ही हेच लिहून दिले. आणि एक लक्षात घ्या, कळणारी भाषा म्हणजे दरवेळी मराठीच असे नाही. सोलापूरच्या गिरण्यांत तेलुगू बोलणारे आपले पद्मशाली भाऊ पिढ्यान्‌पिढ्या साचे चालवीत आले. त्यांच्या फळ्यावर तेलुगू असावी, ही मागणीही आपणच करायची. आपल्यावर झाले ते दुसऱ्यावर करायला आपण राज्य मागितले नव्हते.

आमच्या अर्जाचे काय झाले? महिनाभराने मराठी नोटीस लागली. आम्ही नारळ फोडायच्या तयारीत फळ्याशी गेलो. वाचू लागलो तर, ‘अधोहस्ताक्षरितास प्रदत्त अधिकारान्वये’! बाबा म्हणाले, “ही तर भटजीची इंग्रजी झाली.” १९६२ साली सरकारने पदनाम कोश काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हटले होते, ते उगीच नाही. फारसी गेली, इंग्रजी गेली, आणि त्याच रिकाम्या तख्तावर संस्कृत आणून बसवली. मुजरे करणारे आम्हीच. शेवटी एका ओळीवर नजर थांबली, ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’. बंधूंनो, ही ओळ जिथे दिसेल तिथे थांबा. ती म्हणजे बिनकाठाचे लुगडे. पुढील सूचना कोण देणार, कधी देणार, आणि तोपर्यंत आमच्या पोटाचे काय?

आम्ही पुन्हा लिहून दिले. या वेळी चार प्रश्न विचारले. हा हुकूम कोणाच्या सहीने, कोणत्या नियमाखाली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि चुकल्यास दाद कोणाकडे? अर्जाची पोच घेतली, तारीख टाकून. तीन वेळा चकरा झाल्या. चौथ्या वेळी बाबांचे नाव पटावर परत आले. मात्र नव्या कार्डाने आले. अकरा वर्षे कापली गेली, बदली म्हणून पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. ती अकरा वर्षे परत मिळवायचे काम अजून चालू आहे, आणि त्यासाठीच आज सभेच्या दाराशी टेबल मांडले आहे.

त्या टेबलावर दोन पोरे वही-पेन्सिल घेऊन बसली आहेत. ज्याच्याकडे न कळलेली नोटीस असेल, चार्जशीट असेल, कार्यालयाचे पत्र असेल, त्याने ते दाखवावे. नसेल तर फळ्यावरच्या कागदाची तारीख आणि खालचे नाव तरी उतरवून आणावे. मोबाईल असेल त्याने फोटो काढून आणावा, शिक्का आणि तळाची ओळ त्यात यायला हवी. वाचता येत नाही हे सांगायला लाजू नका. आम्ही लाजलो होतो, त्याचे काय झाले ते सांगितलेच.

बाबा इथेच पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचे नाव आम्ही घेत नाही, त्यांनीच नको म्हटले आहे. फळ्यावर नवा कागद लागला की ते आधी त्याच्या तळाला बोट लावतात आणि आजूबाजूला जो पोरगा उभा असेल त्याला विचारतात, “हितं काय लिवलंय? तारीख हाय का?” तारीख नसली तर संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन उभे राहतात.

दुसऱ्या पाळीच्या लोकांनी आधी निघावे, भोंग्याला वेळ थोडा आहे. बाकीच्यांनी टेबलापाशी रांग करावी.